पिकअपचे मॉड्यूल पुन्हा पुन्हा जळत असेल, तर नवे बसवण्याआधी काय तपासावे

एखाद्या पिकअपचे मॉड्यूल, म्हणजे गाडीतली एखादी यंत्रणा सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, एकदा निकामी झाले, तर तो त्या मॉड्यूलचाच दोष असू शकतो. वर्षभरात तेच मॉड्यूल दुसऱ्यांदा गेले, तर मात्र त्याला बाहेरून काहीतरी मारत आहे असे धरूनच कामाला लागावे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात गाड्यांच्या वायरिंगचे काम करताना मी हा नियम कटाक्षाने पाळतो. दुसरे मॉड्यूल गेलेल्या गाडीला तिसरे बसवायचे, तर आधी पुढे सांगितलेली मोजमापे पूर्ण झाली पाहिजेत. मालकाला गाडी दोन दिवस जास्त उभी राहिल्याचे वाईट वाटते, आणि ते स्वाभाविक आहे, कारण उभी गाडी भाडे आणत नाही. परंतु न मोजता बसवलेले नवे मॉड्यूल जळले, की त्याचे हजारो रुपये आणि बुडालेले भाडे असा दुहेरी भुर्दंड त्याच मालकाला बसतो.

हे सारे ज्या गाडीमुळे लिहावेसे वाटले, ती देवगडहून गगनबावडामार्गे कोल्हापूरला मासळी आणणारी पिकअप होती. चौदा महिन्यांत तिची तीन बीसीएम, म्हणजे दिवे, वायपर, हॉर्न, इंडिकेटर सांभाळणारी मॉड्यूल, गेली होती. प्रत्येक वेळी जुने काढून नवे बसवले गेले आणि गाडी काही महिने व्यवस्थित चालली. माझ्याकडे आल्यावर ड्रायव्हर सहज बोलून गेला, "मिस्त्री, हेडलाइट लावून इंडिकेटर दिला की डिझेलचा काटा नाचतोय बघा." सगळे उत्तर त्या एका वाक्यात होते. ते कसे, हे अर्थिंगच्या, म्हणजे वीज बॅटरीकडे परतायच्या वाटेच्या, भागात सांगतो.

सुरुवात विचारपूस आणि मेलेल्या मॉड्यूलपासून

मॉड्यूलमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर हातात घेण्याआधी वही घ्यावी. मॉड्यूल कोणत्या महिन्यात गेले, त्याआधी दोन-चार दिवसांत पाऊस, धुलाई, हौद्याचे वेल्डिंग, बॅटरी बदलणे, दुसऱ्या गाडीवरून जम्प देणे यांपैकी काही झाले होते का, नवा हॉर्न, एलईडी पट्टी, टेप किंवा जीपीएस कधी बसवला, हे सगळे तारखेनिशी लिहून काढावे. मालकापेक्षा ड्रायव्हरला जास्त विचारावे, कारण गाडीचे रोजचे चाळे त्यालाच माहीत असतात. दोन्ही वेळा मॉड्यूल पावसाळ्यात गेले असेल तर पाणी आणि अर्थिंग यांच्याकडे आधी बघायचे. दोन्ही वेळा एखादी नवी वस्तू बसवल्यानंतर गेले असेल, तर त्या वस्तूची वायर कुठे जोडली आहे ते आधी शोधायचे.

जुने मॉड्यूल कधीही भंगारात देऊ नये. चार स्क्रू काढून ते उघडावे आणि उजेडात, शक्य असल्यास भिंगाखाली, त्याची आतली पाटी (सर्किट बोर्ड) पाहावी. तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक पिनांच्या मुळाशी दिसला, तर पाणी आत गेले आहे. एखाद्या रिलेजवळचा किंवा ट्रान्झिस्टरजवळचा भाग काळवंडला असेल, तर त्या फाट्यावर जोडलेला लोड जास्त वीज ओढतो आहे. अर्थच्या पिनेकडून निघालेली तांब्याची रेघ तापून उचलली गेली असेल, तर जी वीज त्या वाटेने यायलाच नको होती ती तिथून गेली आहे. मासळीच्या गाडीच्या मालकाने तिन्ही मॉड्यूल गोणीत घालून ठेवली होती, हे त्याचे मोठेच शहाणपण. तिन्ही उघडून शेजारी ठेवल्यावर तिन्हींची तीच रेघ, त्याच वळणावर जळलेली दिसली. तीन वेगवेगळी मॉड्यूल आपापल्या दोषाने एकाच ठिकाणी जळत नाहीत.

कोड पुसण्याआधी लिहून घ्या

स्कॅनर लावल्यावर फक्त दोष असलेल्या मॉड्यूलचे कोड वाचून थांबू नये. ईसीएम (इंजिनचे मॉड्यूल), एबीएस (ब्रेकचे), बीसीएम, डॅशबोर्डवरचे मीटर, जे जे उत्तर देईल त्या प्रत्येकाचे कोड आधी कागदावर उतरवावेत आणि मगच पुसावेत. पी-०५६२ हा कोड व्होल्टेज कमी पडल्याचे आणि पी-०५६३ जास्त झाल्याचे सांगतो. यू-०१०० म्हणजे ईसीएमशी आणि यू-०१४० म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटला. एकाच वेळी तीन-चार मॉड्यूल एकमेकांविषयी 'संपर्क तुटला' अशी तक्रार करत असतील, तर त्या सगळ्यांना वीज देणारी किंवा अर्थ देणारी सामाईक वाट आधी तपासावी. कोडमध्ये ज्याचे नाव आले तेच खराब, असा अर्थ काढल्यामुळे कितीतरी चांगली मॉड्यूल बदलली गेली आहेत.

बॅटरी आणि डायनॅमो

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या खांबांवर मल्टिमीटर लावला, तर भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून मगच पुढची मोजमापे घ्यावीत. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. तसे गेले तर मॉड्यूल मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतात आणि त्यातून नसलेले दोष नोंदले जातात. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हे ठीक. १५ च्या वर जात असेल, तर डायनॅमोचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बदलल्याशिवाय त्या गाडीत कोणतेही नवे मॉड्यूल लावू नये.

याच्यापुढची एक मोजणी फारसे कोणी करत नाही, पण ती करावीच. इंजिन थोडे वाढवून, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर न्यावा आणि तसाच बॅटरीवर लावावा. डायनॅमोतले डायोड चांगले असतील तर आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली राहतो. तो ०.५ कडे सरकू लागला, तर एखादा डायोड गेला आहे आणि डीसीबरोबर एसीचे तरंग सगळ्या मॉड्यूलमध्ये जात आहेत. अशा गाडीची बॅटरी चार्ज होत राहते, त्यामुळे डायनॅमोवर संशयच येत नाही.

इथे एका जुन्या सवयीविषयी कळकळीने सांगायचे आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल काढून 'डायनॅमो भरतोय का' हे बघण्याची पद्धत जुन्या गाड्यांबरोबरच संपायला हवी होती. चार्ज घेणारी बॅटरी अचानक सुटली, की डायनॅमोचे व्होल्टेज क्षणार्धात उसळते. गाड्यांच्या विद्युत उपकरणांसाठी असलेल्या आयएसओ १६७५०-२ या मानकात १२ व्होल्टच्या गाडीसाठी अशा झटक्याची चाचणी ७९ ते १०१ व्होल्टपर्यंत धरलेली आहे. हा झटका मॉड्यूलला तिथल्या तिथे मारतोच असे नाही. कधी तो त्याला अर्धमेले करतो आणि मग ते महिन्याभराने जाते. टर्मिनल ढिले असेल तर प्रत्येक खड्ड्याला हाच प्रकार कमी-अधिक प्रमाणात होत राहतो, म्हणून टर्मिनल हाताने फिरवून पाहणे ही तपासणीची पहिली कृती ठेवावी.

हायवेवर बॅटरी उतरल्यावर ट्रकवाल्याची मदत घेताना हीच काळजी लागते. मोठ्या ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची, म्हणजे दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेली असते. दोन्हींच्या टोकांवरून पिकअपला जम्प दिला, तर एका सेल्फमध्ये अनेक मॉड्यूल एकदम जाऊ शकतात.

अर्थिंग: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

मल्टिमीटर ओहमवर ठेवून अर्थ तपासणे जवळपास निरुपयोगी आहे. वायरच्या वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर 'शून्य' दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ वीज ओढतच नाही. अर्थ तपासायचा तो वीज वाहत असताना, आणि ओहम न बघता व्होल्ट बघून.

त्याची पद्धत अशी. मॉड्यूलचे कपलर, म्हणजे त्याच्या वायरींचा जोड, जोडलेलेच ठेवावे. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर धरावी, क्लँपवर धरू नये, कारण क्लँप आणि खांब यांच्यातच दोष असू शकतो. लाल वायर बारीक पिनेने कपलरच्या मागच्या बाजूने मॉड्यूलच्या अर्थ पिनेला टेकवावी. इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर, वायपर लावावेत आणि हॉर्न दाबावा. मीटर ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ चांगला आहे. ०.२ च्या वर गेला तर तो अर्थ उघडून साफ करावा. मासळीच्या गाडीत हा आकडा १.८ व्होल्ट आला, आणि हेडलाइट बंद केल्यावर लगेच खाली बसला.

याचा अर्थ असा, की हेडलाइटची वीज चासीवरच्या ज्या बोल्टमधून बॅटरीकडे परतायची तो बोल्ट वाट देत नव्हता. बीसीएमचा एक अर्थ त्याच बोल्टवर होता आणि दुसरा कॅबिनमध्ये वेगळ्या जागी. वीज अडून बसत नाही, ती दुसरी वाट शोधते. हेडलाइटची वीज एका अर्थने बीसीएममध्ये शिरून दुसऱ्या अर्थने बाहेर पडत होती, आणि थोडीशीच वीज वाहण्यासाठी केलेली पाटीवरची ती बारीक रेघ रोज रात्री तापत होती. डॅशबोर्डवरच्या मीटरलाही तोच अर्थ असल्यामुळे इंडिकेटरच्या प्रत्येक उघडझापेबरोबर डिझेलचा काटा नाचत होता. ड्रायव्हरने तो दोष महिनोन्‌महिने पाहिला होता, पण त्याचा बीसीएमशी संबंध असेल असे त्याला कोणी सांगितले नव्हते.

बोल्ट सापडला तो डाव्या बाजूला, कॅबिन आणि हौदा यांच्या मधल्या फटीखाली. मासळीच्या क्रेटमधला बर्फ वितळून खारे पाणी नेमके तिथेच ठिबकत होते. वरून बोल्ट फक्त गंजलेला दिसत होता. तो सोडवल्यावर थिंबलच्या, म्हणजे वायरच्या टोकाला दाबलेल्या कडीच्या, खाली चुन्यासारखा पांढरा थर निघाला, आणि थिंबलमधली तांब्याची वायर बोटाने वाकवताच भुग्यासारखी तुटली. असा अर्थ नुसता आवळून किंवा वरून ग्रीस लावून सुधारत नाही. निरोगी तांबे दिसेपर्यंत वायर मागे कापावी, नवे थिंबल दाबून बसवावे, चासीवरचा रंग आणि गंज घासून चकचकीत लोखंड उघडे करावे, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि त्यानंतर वरून ग्रीस किंवा रंग द्यावा. रंग आधी आणि बोल्ट नंतर, असा उलटा क्रम झाला तर सगळे श्रम वाया जातात. काम झाल्यावर त्याच पिनेवर मीटरने ०.०४ व्होल्ट दाखवले.

इंजिन आणि चासी यांना जोडणारी चपटी अर्थ पट्टीही विसरू नये. ती तुटली तर सेल्फची शेकडो अँपिअर वीज सेन्सरच्या अर्थमधून, म्हणजे ईसीएममधून, परतू पाहते. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह खांब आणि इंजिन ब्लॉक यांच्यात ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर ती पट्टी बदलावी.

पॉझिटिव्ह बाजू अशाच रीतीने, बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब आणि मॉड्यूलची सप्लाय पिन यांच्यात मोजावी. कपलर काढून तपासायचे असेल, तर सप्लाय आणि अर्थ पिनांमध्ये २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब लावावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास वीज ओढतो आणि मीटरला फसवणारी कुजकी वायर लगेच उघडी पाडतो. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना मात्र असा बल्ब किंवा पिन कधीही लावू नये.

पाणी

गगनबावडा, राधानगरी, आंबा घाट या बाजूला फिरणाऱ्या गाड्यांना जून ते सप्टेंबर सुकायला वेळच मिळत नाही. काचेखालच्या जाळीत झाडाची पाने साचून पाणी उतरायची भोके बुजतात, आणि ते पाणी डॅशबोर्डच्या मागून बीसीएमवर येते. एका माणसाने पाइपची साधी धार, जोर न लावता, काचेवर खालून वर पंधरा मिनिटे सोडावी आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली झोपावे. कॅरिअरचे बोल्ट, अँटेनाचे भोक आणि काचेचे रबर या तीन जागा जास्त दगा देतात.

पाणी वायरवरून घरंगळत थेट कपलरमध्ये जाते. म्हणून मॉड्यूलकडे जाणारी वायर कपलरच्या खाली झोळासारखी लोंबेल अशी बांधावी, म्हणजे थेंब त्या झोळातून खाली पडतो. त्याहून फसवा प्रकार असा, की लांब कुठेतरी वायरचे रबर सोललेले असते आणि पाणी आतल्या तारांमधून वातीतल्या तेलासारखे चढत मॉड्यूलपर्यंत पोहोचते. कपलर बाहेरून कोरडे आणि आतून कळकलेले दिसले, तर ती वायर तिच्या दुसऱ्या टोकापर्यंत तपासल्याशिवाय सोडू नये. धुलाई केंद्रातल्या जोरदार फवाऱ्याखाली फ्यूज बॉक्स आणि ईसीएम येऊ देऊ नयेत, हे ड्रायव्हरला समोर उभे राहून दाखवून द्यावे.

जुनी गाडी घेतलेली असेल तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर लक्षात ठेवावेत. सीटखालच्या कपलरांच्या खाचांमध्ये बारीक गाळ सापडला, तर ती गाडी पाण्यात उभी होती. अशा गाडीत एकेक मॉड्यूल बदलत बसण्यापेक्षा खालचे हार्नेस (वायरींची जुडी) पूर्ण बदलणे स्वस्त पडते. मार्केट यार्डात रात्री मुक्काम करणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघाव्यात.

मॉड्यूलवर कोणते ओझे टाकले आहे

साध्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ७० ते १०० ओहम असतो. तिची वीज तोडताना उलट दिशेने शेकडो व्होल्टचा झटका उठतो, म्हणून कंपनीच्या रिलेमध्ये कॉइलला समांतर रेझिस्टर किंवा डायोड बसवलेला असतो. स्वस्तातल्या रिलेमध्ये तो नसतो, आणि प्रत्येक वेळी रिले सुटताना मॉड्यूलमधला ट्रान्झिस्टर तो मार खातो. रिलेच्या अंगावर छापलेल्या आकृतीत हे चिन्ह दिसते, ते पाहूनच रिले घ्यावा. डायोडवाल्या रिलेला कॉइलच्या ८५ आणि ८६ या पिना उलट लागल्या तर डायोडमधून सरळ शॉर्ट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

मोठा हॉर्न किंवा एलईडी पट्टी बसवायला हरकत नाही, पण तिची वीज बॅटरीवरून वेगळ्या फ्यूज आणि रिलेमधून घ्यावी आणि मूळ वायरीने फक्त तो रिले ओढावा. मूळ वायर ब्लेडने सोलून तिच्यावर पीळ देऊन टेप गुंडाळणे हा कोल्हापुरात मला सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे. उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड फ्यूज घालणे म्हणजे मॉड्यूललाच फ्यूज करणे होय. वायपर किंवा काच उचलण्याची मोटर जड झाली असेल, तर तिचा करंट मोजून आधी मोटर दुरुस्त करावी.

मॉड्यूलमधला संवाद आणि ५ व्होल्ट

सगळी मॉड्यूल दोन पिळलेल्या वायरींच्या कॅन वाहिनीवर एकमेकांशी बोलतात. बॅटरीची केबल काढून, स्कॅनर जोडायच्या ओबीडी कपलरच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला, तर तो ६० ओहमच्या आसपास यावा, कारण दोन्ही टोकांना १२० ओहमचे एकेक रेझिस्टर समांतर असतात. १२० आला तर एक टोक तुटले आहे, आणि शून्याजवळ आला तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. काही गाड्यांत या पिना गेटवेच्या, म्हणजे वाहिन्यांच्या मध्ये बसवलेल्या मॉड्यूलच्या, पलीकडे असतात, तिथे वायरिंगचा नकाशा पाहूनच निष्कर्ष काढावा.

ईसीएम सेन्सरना ५ व्होल्ट पुरवते. एका सेन्सरची वायर चासीला घासून शॉर्ट झाली, की त्याच ५ व्होल्टवर असलेल्या सगळ्या सेन्सरचे आकडे एकदम बिघडतात आणि ईसीएमच गेले असे वाटते. पी-०६४१ किंवा पी-०६५१ कोड असेल, तर एकेक सेन्सर सोडत जावे. जो सेन्सर सोडताच ५ व्होल्ट परत येतात, दोष त्या सेन्सरमध्येच असतो; सगळे सोडूनही ते परत आले नाहीत, तर वायरीत शॉर्ट शोधावा.

नवे बसवताना

हौद्याचे वेल्डिंग बाकी असेल तर ते आधी उरकावे. त्या वेळी बॅटरीच्या दोन्ही केबल आणि ईसीएमचे कपलर सोडावेत, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लँप सांध्याच्या अगदी जवळ लावावा. भंगारातले मॉड्यूल घेताना पार्ट नंबरचे प्रत्येक अक्षर जुळवावे, आणि ते इमोबिलायझरशी, म्हणजे चोरी रोखणाऱ्या किल्लीच्या यंत्रणेशी, जुळवून घेता येते का, हे पैसे देण्याआधी विचारावे. कोडिंग करताना, म्हणजे नव्या मॉड्यूलमध्ये गाडीची माहिती भरताना, बॅटरीला स्थिर सप्लाय जोडून ठेवावा, कारण मध्येच व्होल्टेज पडले तर नवे मॉड्यूल तिथेच अडकते.

बसवल्यावर बॅटरी, चार्जिंग, एसी तरंग, अर्थ आणि सप्लाय यांचे आकडे तारखेनिशी वहीत लिहावेत, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर किंवा पहिल्या घाटाच्या फेरीनंतर तेच आकडे पुन्हा घ्यावेत.

मासळीच्या गाडीचा अर्थ आम्ही चासीवरून उचलून कॅबिनच्या आतल्या बाजूला, पाणी न पोहोचणाऱ्या जागी घेतला, आणि हौद्यातल्या पाण्याला नळी लावून ते मागच्या चाकांच्या पलीकडे सोडले. ड्रायव्हर आता महिन्याच्या पहिल्या सोमवारी हेडलाइट लावून स्वतः अर्थचा तो आकडा घेतो आणि मला फोनवर सांगतो. सध्या तो ०.०४ आणि ०.०५ च्या मध्ये आहे. तो ०.१ ला पोहोचला की गाडी आणायची आणि बोल्ट सोडवून साफ करायचा, असे आमचे ठरले आहे.